पहिल्यांदाच मॅरेथॉन पळाला, तेही थेट ऑलिम्पिकमध्ये!

आयुष्यात एकही मॅरेथॉन न पळालेला एक गडी ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनला उभा राहिला आणि जिंकला. नशीब म्हणायचं का टॅलेंट? एमिल झाटोपेकची गोष्ट वाचा, मग ठरवा.

हाफ मॅरेथॉन म्हणजे 21.0975 किलोमीटर. कॉलेजातल्या एखाद्या ग्रुपचं ठरतं, यंदा पळायचंच. फॉर्म भरला जातो, नवे बूट येतात, पहाटे पाचला उठायच्या शपथा घेतल्या जातात. पहिले पाच किलोमीटर जमतात. धापा टाकत का होईना, दहाही जमतात. आणि मग एक शंका डोक्यात ठाण मांडून बसते. जेवढं अंतर आयुष्यात कधी पळालोच नाही, तेवढं त्या एका सकाळी कसं काय जमणार?

27 जुलै 1952. हेलसिंकीच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये एक 29 वर्षांचा सैन्यातला अधिकारी उभा होता. त्याच्यासमोर होते 42.195 किलोमीटर, म्हणजे हाफच्या बरोबर दुप्पट. मॅरेथॉन म्हणून तो तोपर्यंत एकदाही पळाला नव्हता आणि आजूबाजूला उभे होते ते या अंतरातले जगातले एक से एक धावपटू. अडीच तासांच्या आत तो स्टेडियममध्ये परत आला, तेव्हा त्याच्या मागे कुणीच दिसत नव्हतं.

त्याचं नाव एमिल झाटोपेक. असली माणसं जन्मतःच वेगळी असतात, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण एमिलचं आयुष्य जरा जवळून पाहिलं ना, तर ही सबब टिकत नाही.

पळायचं नव्हतंच मुळी!

एमिलचा जन्म 19 सप्टेंबर 1922 चा. गाव कोप्रिव्हनित्से, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातलं. वडील सुतारकाम करायचे. घरात पोरं बरीच आणि पैसा बेताचा. सोळाव्या वर्षी एमिल झ्लीन नावाच्या गावी बाटाच्या कारखान्यात कामाला लागला. होय, तेच बाटा, ज्यांचे काळे बूट घालून आपल्याकडच्या कितीतरी पिढ्या शाळेत गेल्या.

तोपर्यंत त्याचा आणि खेळाचा फारसा संबंध नव्हता. 1941 साली कारखान्याने एक शर्यत ठेवली. क्रीडा प्रशिक्षकाने चार पोरांकडे बोट दाखवलं, तुम्ही पळायचं. त्यात एमिल होता. त्याने तब्येतीचं कारण सांगून पाहिलं. प्रशिक्षकाने त्याला डॉक्टरकडे पाठवलं आणि डॉक्टरने ठणठणीत असल्याचा दाखला दिला. झालं, सुटका नाही. शंभर जणांच्या त्या शर्यतीत नाइलाजाने पळालेला एमिल दुसरा आला!

तिथे त्याला पळण्याची गोडी लागली ती कायमची. तीनच वर्षांत, 1944 मध्ये, 2000, 3000 आणि 5000 मीटर या तिन्ही अंतरांचे देशातले विक्रम त्याच्या नावावर झाले होते. 18 व्या वर्षापर्यंत ज्याला पळायचं नव्हतं, त्या पोराची ही गोष्ट आहे.

तुकड्या तुकड्यांनी लांब

हे जमलं कसं? एमिलचं गणित फार साधं होतं. हळू पळणं आपल्याला येतंच, मग त्याचा सराव कशाला? शिकायचंय ते जोरात पळणं. पण लांबचं अंतर जोरात पळता येत नाही. मग अंतराचे तुकडे करायचे.

त्याचा एका दिवसाचा ठरलेला सराव असा असायचा: 200 मीटरच्या पाच फेऱ्या जोरात, मग 400 मीटरच्या वीस, शेवटी पुन्हा 200 च्या पाच. मधल्या वेळात थांबायचं नाही, हळूहळू पळत दम खायचा. बेरीज करून बघा, जोरात पळालेलं अंतरच दहा किलोमीटर होतं. यालाच आज आपण इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतो. ही कल्पना एमिलच्या आधीही होती, जर्मनीत तर तिच्यावर बरंच काम झालं होतं. पण तिचा इतका रेटा त्याच्याआधी कुणी लावला नव्हता. पुढे हे आकडे वाढत वाढत दिवसाला 400 च्या शंभर फेऱ्यांपर्यंत गेले.

युद्ध संपल्यावर तो सैन्यात गेला. मग सैन्याचे जड बूट घालून, बर्फात, अंधारात सराव सुरू झाला. घरातल्या कपड्यांचा ढीग टबात भिजत घालून तो त्यावरच जागच्या जागी पळायचा, म्हणजे धुणंही व्हायचं आणि सरावही, असाही एक किस्सा सांगतात.

आणि पळताना तो दिसायचा कसा? अक्षरशः बघवत नसे. मान एका बाजूला कललेली, चेहरा वेडावाकडा, जीभ बाहेर, खांदे वर चढलेले. पाहणाऱ्याला वाटावं, हा आता कोसळणार. जाणकार नाकं मुरडायचे. एमिलने त्याची कधी पर्वा केली नाही. सुंदर दिसण्याला मार्क नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये या बेढब पळणाऱ्याने 10,000 मीटरचं सुवर्ण जिंकलं. 5000 मीटरला मात्र शेवटच्या फेरीत तो जागा झाला तोपर्यंत उशीर झाला होता. बेल्जियमचा गॅस्टन रीफ बराच पुढे होता. एमिल जिवाच्या आकांताने सुटला आणि 0.2 सेकंदांनी हरला.

लंडनच्या त्या संघात भालाफेक करणारी डाना नावाची मुलगी होती. गंमत म्हणजे तिचाही जन्म 19 सप्टेंबर 1922 चाच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोघांनी लग्न केलं.

मग 29 सप्टेंबर 1951 ला एमिलने जे केलं, ते हाफची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवं. 20 किलोमीटर, म्हणजे हाफला जेमतेम अकराशे मीटर कमी, तो 59 मिनिटं 51.6 सेकंदांत पळाला. सरासरी दर किलोमीटर तीन मिनिटांच्या आत! 20 किलोमीटर एका तासाच्या आत पळालेला तो जगातला पहिला माणूस. दोनशे-चारशेचे तुकडे जोडत जोडत तो इथवर आला होता.

विमान सुटलं, एमिल मागे राहिला

1952. ऑलिम्पिक हेलसिंकीला. एमिल ऐन भरात असायला हवा होता, पण त्या वर्षी तो आजारी पडला. विश्रांती घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं. त्यात एक वेगळंच संकट उभं राहिलं.

देशात कम्युनिस्ट राजवट होती. संघात स्टानिस्लाव युंगविर्थ नावाचा 1500 मीटर पळणारा तरुण होता. त्याचे वडील राजकीय कैदी. निघायच्या वेळेस त्याला सांगण्यात आलं की तुला जाता येणार नाही. बापाची शिक्षा पोराला.

एमिलने सरळ सांगून टाकलं की युंगविर्थ येणार नसेल तर मीही जाणार नाही. तो सैन्यातला माणूस. वरिष्ठांचं न ऐकणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. करिअर तर गेलं असतंच, कदाचित तुरुंगही दिसला असता. संघाचं विमान खरोखरच या दोघांना मागे ठेवून उडालं. एमिल हटला नाही. शेवटी सरकारलाच नमतं घ्यावं लागलं आणि दोघंही नंतर हेलसिंकीला पोहोचले.

युंगविर्थला तिथे पदक मिळालं नाही. पण 1957 मध्ये याच पोराने 1500 मीटरचा जागतिक विक्रम मोडला. मित्रावर विश्वास टाकणं वाया गेलं नाही म्हणायचं!

आठ दिवस, तीन सुवर्णं

हेलसिंकीतला पहिला दिवस, 20 जुलै. 10,000 मीटर. एमिल आरामात जिंकला. फ्रान्सचा अलँ मिमून दुसरा. हा मिमून लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

23 जुलैला याच हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. लोकांकडून पैसे गोळा करून ते तिथवर गेले होते. आपल्या मातीतला एक पठ्ठ्या आणि कारखान्यातून आलेला हा चेक गडी एकाच वेळी एकाच शहरात इतिहास घडवत होते.

24 जुलै. 5000 मीटर. शेवटच्या फेरीची घंटा झाली आणि एमिल पुढे झाला. पण बघता बघता तिघांनी त्याला मागे टाकलं. ब्रिटनचा चॅटवे, जर्मनीचा शाडे आणि मिमून. एमिल चौथा! संपलं असं वाटत असतानाच शेवटच्या वळणावर तो बाहेरच्या बाजूने सुटला आणि तिघांनाही ओलांडून गेला. चॅटवे तर त्या गडबडीत पडला. एमिलचं दुसरं सुवर्ण.

त्याच दुपारी डाना भाला घेऊन मैदानात उतरली. नवऱ्याचं पदक सोबत ठेवलं होतं म्हणे, शुभशकुन म्हणून. पहिल्याच फेकीत भाला 50.47 मीटरवर जाऊन पडला. सुवर्ण! नवरा-बायको, एकाच दिवशी, तासाभराच्या अंतराने.

मग एमिलने चेष्टेत हिशेब मांडला. घरातला स्कोअर दोन विरुद्ध एक, म्हणजे फारच अटीतटीचा झाला. आघाडी वाढवायला मॅरेथॉन पळावीच लागणार!

न लाजता विचारलेला प्रश्न

चेष्टा बाजूला ठेवा. पायात दोन अंतिम फेऱ्या आणि 5000 ची एक पात्रता फेरी भरलेली. पुढे आयुष्यात न पळालेलं अंतर. एमिलने काय केलं? जो जाणकार आहे, त्याला शोधून काढलं.

ब्रिटनचा जिम पीटर्स तेव्हा मॅरेथॉनचा बादशहा होता. सहाच आठवड्यांपूर्वी तो 2 तास 20 मिनिटं 42 सेकंदांत पळाला होता, जगात कुणीही इतक्या वेगाने पळालं नव्हतं. शर्यतीआधी एमिल स्वतःहून त्याच्याकडे गेला, हात मिळवला, ओळख करून घेतली. तोवर दोन सुवर्णं जिंकलेला माणूस! मनाशी ठरवलं होतं, याच्या मागे मागे राहायचं.

पीटर्स सुरुवातीलाच सुसाट सुटला. एमिल आणि स्वीडनचा गुस्ताफ यान्सन मागून येत त्याला गाठून बसले. निम्म्या अंतराच्या अलीकडे कुठेतरी एमिलने पीटर्सला मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं की हा वेग जरा जास्तच होतोय का? मला यातलं काही कळत नाही. पीटर्स आतून दमला होता, पण त्याने उलटंच सांगितलं, वेग कमीच आहे म्हणाला. त्याला वाटलं असेल, नवखा घाबरेल. नवख्याने ते खरं धरलं आणि वेग वाढवला!

हा किस्सा नेहमी एमिलच्या भोळेपणाची गंमत म्हणून सांगतात. पण जरा विचार करा. ऐन ऑलिम्पिकमध्ये, जग बघत असताना, मला येत नाही हे प्रतिस्पर्ध्यालाच सांगायला किती मोकळं मन लागतं! आपण क्लासमध्ये हात वर करताना चारदा इकडेतिकडे बघतो.

पुढे एका ठिकाणी यान्सनने लिंबाची फोड घेतली. पळताना काही खायची एमिलला सवय नव्हती. त्याने ठरवलं, आधी याचं काय होतंय ते बघू, बरं वाटलं तर पुढच्या वेळी आपण दोन घेऊ. थोड्या वेळाने यान्सनच मागे पडला. एमिलने लिंबाचा नाद सोडला.

32 किलोमीटरच्या आसपास पीटर्सच्या पायात गोळे आले आणि त्याला शर्यत सोडावी लागली. एमिल आता एकटाच पुढे. रस्त्याकडेच्या लोकांशी, गाडीतल्या पत्रकारांशी गप्पा मारत तो पळत होता. शेवटी शेवटी मात्र गप्पा थांबल्या. अनोळखी अंतराने आपली वसुली सुरू केली होती. चेहरा नेहमीपेक्षाही वाकडा झाला होता.

2 तास 23 मिनिटं 3.2 सेकंद. ऑलिम्पिक विक्रम. दुसरा आलेला अर्जेंटिनाचा गोर्नो अडीच मिनिटांनी पोहोचला, तोवर जमैकाच्या रिले संघातल्या पोरांनी एमिलला खांद्यावर घेऊन मिरवलंही होतं. एकाच ऑलिम्पिकमध्ये 5000, 10,000 आणि मॅरेथॉन जिंकणारा दुसरा माणूस अजून जन्माला यायचाय. आणि हो, त्यानंतर आठवडाभर त्याला धड चालता येत नव्हतं!

आता दुसऱ्याची पाळी

1956, मेलबर्न. एमिल 34 वर्षांचा. काही आठवड्यांपूर्वीच हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. डानाला खांद्यावर घेऊन सराव करताना ते दुखणं उपटलं, असं सांगतात. मॅरेथॉनमध्ये तो सहावा आला.

जिंकलं कोण? अलँ मिमून! लंडन आणि हेलसिंकीत मिळून तीनदा एमिलच्या मागे रौप्यावर समाधान मानलेला तोच मिमून. आणि मिमूनचीही ती पहिलीच मॅरेथॉन होती. जिंकल्यावर तो जल्लोष करायला गेला नाही. शेवटच्या रेषेपाशी एमिलची वाट बघत थांबला. एमिल आला, थकून चूर झालेला. मिमूनने आपण जिंकल्याचं सांगितल्यावर एमिलने टोपी काढून त्याला सलाम केला आणि घट्ट मिठी मारली. सुवर्णपदकापेक्षा ती मिठी मोठी होती, असं मिमून पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

साठच्या दशकात ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क प्रागला आला होता. डझनभराहून जास्त जागतिक विक्रम नावावर, पण ऑलिम्पिक सुवर्ण एकही नाही. निरोप देताना एमिलने त्याच्या हातात एक छोटं पुडकं दिलं. क्लार्कने नंतर ते उघडलं, तर आत एमिलचं हेलसिंकीतलं 10,000 मीटरचं सुवर्णपदक!

शेवटची फेरी

1968 मध्ये चेकोस्लोव्हाकियात मोकळेपणाचं वारं वाहू लागलं, प्राग स्प्रिंग म्हणतात ते. एमिल उघडपणे त्या बाजूने उभा राहिला. ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे प्रागमध्ये घुसले, तेव्हाही तो रस्त्यावर उतरून त्याविरुद्ध बोलला.

यावेळी सरकारने नमतं घेतलं नाही. कर्नल झाटोपेकला पक्षातून काढलं, सैन्यातून काढलं. राष्ट्राचा हिरो जमिनीत पाणी शोधण्यासाठी बोअर मारणाऱ्या टोळीत कामाला लागला. घरापासून लांब, फिरत्या गाडीत मुक्काम. काही वर्षं अशी काढली. 1971 मध्ये दबावाखाली त्याने आपली मतं जाहीरपणे मागेही घेतली. काहींना ते फार लागलं. पण दमछाक झालेल्या माणसाला बाहेर बसून नावं ठेवणं सोपं असतं. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर, 1990 मध्ये, त्याला त्याचा मान अधिकृतपणे परत मिळाला. नोव्हेंबर 2000 मध्ये, 78 व्या वर्षी, प्रागमध्ये तो गेला.

तुमच्या 21 किलोमीटरसाठी

* तुकडे करा. 21 चा आकडा एकदम छातीवर घेऊ नका. आठवड्यात एखादा दिवस छोट्या फेऱ्या, एखादा दिवस सावकाश लांब पळणं, असं वाढवत न्या. एमिलच्या शंभर फेऱ्यांची नक्कल मात्र अजिबात नको. त्याच्या मागे कित्येक वर्षांचा सराव होता.

* विचारा. तुमच्या टेकडीवर, मैदानावर रोज पळणारे काका-काकू असतात. त्यांनी पाच-दहा हाफ पळालेल्या असतात. त्यांना गाठा. लाज सोडा.

* त्या दिवशी नवं काही नको. नवे बूट, नवं एनर्जी जेल, काही नाही. पाणी कधी आणि किती प्यायचं, तेसुद्धा आधी सरावात ठरवा. लिंबाची फोड आठवा.

* दुखलं तर थांबा. एमिल आजारपणात पळाला म्हणून आपणही पळायचं, असं नसतं. छातीत दुखलं, गरगरलं, तर शर्यत सोडून वैद्यकीय मदत घ्यायची. जिम पीटर्ससारख्या बादशहानेही शर्यत सोडली होती.

* पोहोचलात की लगेच घरी पळू नका. तुमच्यासोबत सराव केलेलं कुणीतरी अजून रस्त्यावर असेल. रेषेपाशी थांबा. मिमून थांबला होता तसे.